अठ्ठेचाळीस कामांची वही

दि. १४ ऑक्टोबर

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर भांडण होतं आणि तुझ्या आवाजापुढे माझा आवाज टिकत नाही, म्हणून लिहिते. मी इतकी चिडले आहे की हा तिसरा कागद. पहिल्या दोन कागदांना पेनाच्या टोकाने भोकं पडली.

तुला ठाऊक आहेच, विमान देखभालीच्या पदवीचं हे माझं शेवटचं वर्ष. तीन वर्षं वर्गात बसून पुस्तकातली इंजिनं उघडली आणि मिटली. आता सहा महिने खऱ्या हँगरमध्ये, खऱ्या विमानांवर काम. त्यासाठी प्रत्येकाला एक वही मिळते. तिच्यात अठ्ठेचाळीस कामं छापलेली असतात: चाक बदलणं, ब्रेकची झीज मोजणं, इंजिनाचं तेल बदलणं, बोल्टला तार बांधणं, अशी. प्रत्येक काम आपल्या हातांनी करायचं आणि शेजारी उभ्या असलेल्या परवानाधारक इंजिनिअरने ते बघून पुढे सही करायची. अठ्ठेचाळीस सह्या झाल्या की पदवी. सत्तेचाळीस झाल्या तर वर्ष गेलं.

आमच्या तुकडीत अकरा जण, त्यांत मुली दोन. एक मी, दुसरी माझी खोलीतली जोडीदारीण. तिला सगळे शिडी म्हणतात, कारण पंखाखालचं झाकण तिच्या हाताला शिडीशिवाय लागतं. निदान लागलं असतं, कुणी तिला पंखाखाली जाऊ दिलं असतं तर. पहिल्याच दिवशी हँगरच्या प्रशिक्षणप्रमुखांनी आम्हा दोघींना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. त्यांना सगळे काका म्हणतात. तसं म्हणायला त्यांनीच सांगितलंय. म्हणाले, बाळांनो, खाली तेलकट असतं, पोरांची तोंडं बरी नसतात, आणि एखादीचं बोट चेचलं तर तुमच्या आईवडिलांना मी काय सांगू. तेव्हापासून चार महिने आम्ही फायली लावतोय. खोलीला मोठी काच आहे, तिच्यातून हँगर दिसतो. पलीकडे पोरं चाक उतरवतात आणि आम्ही उपाशी माणसाने दुसऱ्याचे घास मोजावेत तशा बघत बसतो. मला काम द्या, असं मी सतरा वेळा जाऊन सांगितलं. सतरा वेळा काका हसले. ते रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

परवा त्यांनी आमच्या वह्या मागवून घेतल्या. थोड्या वेळाने मी एक फाईल घेऊन आत गेले, तर टेबलावर माझी वही उघडी आणि शेजारी तीन पेनं. एक निळं, एक काळं, एक जरा फिकट निळं. एका पेनाने चार-पाच सह्या झाल्या की दुसरं पेन. तारखा पार जूनपासूनच्या, त्याही रविवार टाळून. एवढी मेहनत त्यांनी मला शिकवायला घेतली असती, तर दोन चाकं तरी बदलून झाली असती. वही हातात देताना माझ्या डोक्यावर थोपटून म्हणाले, झालीस बघ इंजिनिअर, आता घरी कळव.

कळवते आहे. शिडीने त्यांचे आभार मानले. मी वही घेऊन खोलीवर आले. वही माझ्या टेबलावर पडली आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून लिहिते आहे. काय करू ते तू लिही. खरं म्हणजे काय करायचं ते मला माहीत आहे. तू अडवतोस का, एवढंच बघायचं आहे.

आईला सांगू नकोस. बाबांना तर मुळीच नाही.

तुझा लोभ माझ्या रागाला पुरून उरू दे.

तुझी
पक्कड


दि. २० ऑक्टोबर

चि. पक्कड हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद वर लिहिले ते सवयीने. मनात शिव्या आहेत.

लहानपणी तू कुणाचं बोट धरलंस की सोडायची नाहीस, म्हणून बाबांनी तुला पक्कड म्हटलं. तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. आता त्या पकडीत तू स्वतःचंच नाक धरून बसली आहेस.

अडवतोस का म्हणून विचारतेस? अडवतो. आडवा पडून अडवतो. आपल्या घरात शाळेच्या पुढे कोण गेलं? मी बस चालवतो. बाबा त्याच डेपोत मुख्य मेकॅनिक. आई दुसऱ्याच्या दुकानात शिवणयंत्रावर पाय मारते. तू पहिली. डेपोच्या ज्या फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहितात, त्याच्या कोपऱ्यात बाबांनी तुझे राहिलेले दिवस लिहायला सुरुवात केली आहे. ड्रायव्हर मंडळी मला विचारतात, तुझी बहीण आम्हाला फुकटात पंखावर बसवेल का. मी सांगतो, आत बसा, पंखावर ती स्वतः बसते. एवढं सगळं चाललेलं असताना तू म्हणतेस, सह्या खोट्या आहेत!

अगं, जग सह्यांवरच चाललंय. बाबांचंच बघ. आपल्या डेपोतून रोज सकाळी बेचाळीस गाड्या सुटतात. प्रत्येक गाडीचं एक कार्ड असतं: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे तपासले, आणि खाली सही. बाबा येतात, चहा घेतात, आणि कप रिकामा व्हायच्या आत बेचाळीस सह्या झालेल्या असतात. अकरा वर्षं मी तेच कार्ड खिशात घालून गाडी काढतो आहे. जिवंत आहे, लग्नसुद्धा झालं. म्हणून बाबा काय वाईट माणूस झाले? त्याच सह्यांवर तुझं कॉलेज झालं.

तेव्हा गुपचूप वही जमा कर. नोकरी लागल्यावर शीक खरं काम. तिथे कुणीतरी शिकवेलच. तुझी वहिनी म्हणते, लिहा की वेळेवर जेवत जा. लिहिलं.

लोभ भरपूर आहे, त्याची परीक्षा घेऊ नकोस.

तुझा
दादा


दि. २५ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाकडून अर्धंमुर्धं कानावर येण्यापेक्षा मीच सांगते. काल मी माझी कामाची वही कॉलेजात विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवली. तिच्यात अठ्ठेचाळीस कामांपुढे हँगरच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. त्यांतलं एकही काम त्यांनी मला करू दिलेलं नाही. मुलगी म्हणून चार महिने फायलींत बसवलं आणि एका बैठकीत सगळ्या सह्या करून दिल्या. मी वही देण्याआधी प्रत्येक ओळीवर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, हे काम मी केलेलं नाही. अठ्ठेचाळीस वेळा लिहिलं. हात भरून आला. चार महिन्यांत या हातांनी केलेलं तेवढंच काम.

याने माझं वर्ष जाऊ शकतं, हे मला माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट. माझी समजूत घालायला दादाने लिहिलं की तुम्हीही रोज सकाळी चहा संपायच्या आत बेचाळीस कार्डांवर सह्या करता. गाड्या न बघता. बाबा, हे खरं आहे का?

पहिल्या वर्षी, पहिल्या तासाला आम्हाला सांगितलं होतं की विमानात बसणाऱ्या माणसाने तुमचं तोंडही पाहिलेलं नसतं. तो पट्टा बांधतो, वर्तमानपत्र उघडतो आणि त्यातच झोपून जातो. तो तुमच्या सहीच्या भरवशावर झोपतो. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात. तुमच्या बसमध्येही माणसं खिडकीला डोकं टेकून झोपतात. मी वर्गात हात वर करून सांगितलं होतं की माझे वडील रोज बेचाळीस गाड्यांवर सही करतात. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं होतं. केवढी फुगले होते मी. आता तो हात आठवला की लाज वाटते. वर केलेल्या माझ्या हाताची की सही करणाऱ्या तुमच्या, ते मलाच सांगता येत नाही.

उद्धट वाटलं तर वाटू द्या. मला लांबलचक उत्तर नको. हो की नाही, एवढंच लिहा.

आईस नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही, ते उत्तराबरोबर कळवा.

आपली
धाकटी


दि. ३१ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हो.

एवढंच लिही म्हणालीस म्हणून एवढंच लिहून पाकीट चिकटवत होतो. तुझी आई म्हणाली, एका शब्दासाठी तिकीट कशाला लावता. म्हणून पुढे लिहितो.

तू मला प्रश्न विचारतेस. विचार. तुला शिकवलं ते त्यासाठीच असेल. मग उत्तरही ऐक. गाड्या बेचाळीस. तपासायला माणसं चार. त्यांतला एक पाठीने अधू, वाकला की उठवावा लागतो. एकाला मॅनेजर स्वतःच्या घरची गाडी दुरुस्त करायला नेतो. राहिले दोन आणि मी. एक गाडी नीट बघायची तर पाऊण तास. सहाला पहिली सुटते, साडेसातला शेवटची. तू शिकलेली आहेस, तूच सांग कसं बसवायचं ते.

मी चहा पितो तो खुर्चीत बसून नाही. फाटकाशी उभा राहून पितो. तिथे उतार आहे, प्रत्येक गाडीला ब्रेक लावावाच लागतो. तो मी ऐकतो. तीस वर्षं ऐकतो आहे. कुठली गाडी कुठल्या चाकात कुरकुरते ते ड्रायव्हरच्या आधी मला कळतं. जी कुरकुरली तिला मी हात करून मागे घेतो, मग कार्डावर सही असो नाहीतर नसो. माझे कान हीच माझी तपासणी. हे तुमच्या पहिल्या तासाला कुणी सांगितलं नसेल.

माझ्या सहीची लाज वाटते म्हणतेस. तुझ्या कॉलेजच्या अर्जाची चौदा इंग्रजी पानं माझ्यापुढे ठेवली होतीस आणि बोटाने जागा दाखवत होतीस, इथे करा, इथे करा. ती पानं मी वाचली नव्हती. मला वाचता आली नसती, हे तुला ठाऊक होतं. तेव्हा तू म्हणाली नाहीस, बाबा, समजल्याशिवाय सही करू नका. तेव्हा तुला घाई होती.

कॉलेजात जा. चूक झाली, डोकं फिरलं होतं असं सांग. वही परत घे. ती परत घेतल्याशिवाय मला पत्र पाठवू नकोस.

तुझी आई दोघांवर रागावली आहे. कोणावर जास्त, ते तिचं अजून ठरलेलं नाही.

लोभ उणा झालेला नाही, पण सध्या मागू नकोस.

बाबा


दि. १६ नोव्हेंबर

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

बाबांनी पत्र पाठवू नकोस म्हटलं आहे. वही परत घ्यायची नाही, म्हणजे त्यांना पत्रही नाही. तेव्हा तूच वाच.

विभागप्रमुख बाईंनी दार लावून मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे गुपचूप येऊन सांगता आलं नसतं का, लाल शाई कशाला. मी म्हटलं, गुपचूप सतरा वेळा सांगून झालं होतं. मग त्यांनी सगळ्या अकराही वह्या मागवल्या. तेव्हा कळलं की काचेपलीकडच्या पोरांचंही पुरतं खरं नव्हतं. कुणी वीस कामं केली होती, कुणी तीस. बाकी ठिकाणी तीच तीन पेनं. सगळ्यांच्या सगळ्या सह्या रद्द. एकतीस जानेवारीपर्यंत अठ्ठेचाळीस कामं नव्याने करून दाखवायची, नाहीतर वर्ष गेलं.

आता सगळे माझ्यावर उखडलेत. मी जेवायला बसले की त्या बाकावरचे उठतात. माझ्या कपाटावर कुणीतरी खडूने लिहिलं, सत्याचा पुतळा, हात लावू नये. ते पुसलं. शिडीचं मात्र पुसता आलं नाही. तिने आपली गादी उचलून शेजारच्या खोलीत नेली. जाताना म्हणाली, तुझं खरं तुझ्यापाशी, पण वर्ष माझंही जाणार आहे. रेघा मारण्याआधी मला एका शब्दाने विचारलंस का? दादा, नव्हतं विचारलं. मला सुचलंच नव्हतं. चार महिने एका टेबलावर बसलो आणि मी रागात एवढी बुडाले होते की तिला विचारायचं असतं, हे डोक्यात आलं नाही.

काकांना प्रशिक्षणावरून काढलं. सामान न्यायला आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, पोटच्या पोरीसारखं जपलं तुला, आणि तू हे पांग फेडलेस. त्यांना खरंच वाटतं की त्यांनी आमच्यावर उपकार केले. मला त्यांची दया आली. मग त्या दयेचाच राग आला.

आता मला चाकविभागातल्या एका इंजिनिअरकडे दिलं आहे. सगळे त्याला खडूस म्हणतात, आणि ते त्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी त्याने सांगितलं की मुलगा, मुलगी, बकरी, कोणीही असलीस तरी मला फरक पडत नाही, तार नीट बांधली पाहिजे. विमानाच्या कित्येक बोल्टच्या डोक्याला बारीक भोक असतं. त्यातून पोलादी तार ओवून, पीळ देत, शेजारच्या बोल्टला बांधायची, म्हणजे हादऱ्यांनी बोल्ट सैल होत नाही. तारेचा ताण नेहमी आवळायच्या बाजूला हवा. उलट बाजूने बांधली तर तीच तार बोल्टला सैल व्हायला मोकळीक देते. माझी पहिली तार त्याने कापून टाकली. दुसरीही. तेरा कापल्या. चौदावीकडे बघून म्हणाला, हं. बोटांना सात ठिकाणी टोचलं आहे. इतकं बरं मला जूनपासून वाटलं नव्हतं.

बाबा काय करताहेत ते लिही. तुझ्या पत्रातली ती ओळ मी त्यांच्यापुढे धरायला नको होती, असं तू म्हणशील. मला तसं वाटत नाही. पण लिही.

लोभ असेल तर दाखव, नसेल तर उसना आण.

तुझी
पक्कड


दि. २४ नोव्हेंबर

चि. पक्कड हिस,

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही.

बाबा काय करताहेत? स्टोअरमध्ये नट मोजताहेत.

तुला उत्तर धाडल्यावर आठवडा गेला. मग एका सोमवारी नेहमीपेक्षा दोन तास आधी डेपोत गेले, हातबत्ती घेतली आणि पहिल्या गाडीखाली शिरले. या वयात. साडेसात वाजले तेव्हा सह्या झालेली कार्डं पाच होती. सदतीस गाड्या जागच्या जागी उभ्या. स्टॉपवर माणसं खवळली, वेळ लिहिणाऱ्याच्या खोलीची काच फुटली. मॅनेजर धावत आला, म्हणाला, सही करा. बाबा म्हणाले, पाहिल्याशिवाय नाही. त्याने विचारलं, तीस वर्षं केलीत, आजच काय झालं? तर बाबा म्हणाले, माझी धाकटी विचारते. चाळीस ड्रायव्हरांसमोर. मला तिथल्या तिथे तुझा असा राग आला की तू समोर असतीस तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एकतीस नंबरची गाडी उघडली. मागच्या डाव्या चाकात ब्रेकचं लायनर झिजून संपलं होतं आणि आतले रिव्हेट उघडे पडून ड्रमला घासत होते. ड्रमला बोट बुडेल असे चर. हे एका दिवसात होत नाही. आणि रविवारपर्यंतच्या प्रत्येक कार्डावर बाबांची सही. ती गाडी रोज त्यांच्यासमोरून फाटकाचा उतार उतरली, रोज किंचाळली असणार, आणि त्यांना ऐकू आलं नाही. घरी ते रेडिओ केवढ्याने लावतात ते आठव. आपल्याला वाटायचं, गाण्याची आवड आहे.

गाडीखालून बाहेर येताना मी हात दिला, तो त्यांनी धरला नाही. आदल्या आठवड्यात चार दिवस ती गाडी मी चालवली होती. मी सांगितलं नाही. त्यांनी कार्डावर माझं नाव वाचलं.

गाड्या उशिरा सोडल्या म्हणून मॅनेजरने त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. लायनरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सह्या आता पाठीने अधू असलेला करतो. तो चहासुद्धा घेत नाही, तेवढाही वेळ लागत नाही त्याला.

तुला वाटत असेल, मी खरी ठरले. ठर. बाबा घरी आता रेडिओ लावत नाहीत. त्यांना पत्र लिहिलंस तर मी ते फाडून टाकीन. नाही लिहिलंस तर तुझं तोंड बघणार नाही.

दादा


दि. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वही परत घेतल्याशिवाय पत्र पाठवू नकोस म्हणाला होतात. तीन महिने ऐकलं. आज मोडते.

माझं वर्ष गेलं. कसं गेलं ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिते.

एकोणतीस जानेवारीला माझी अठ्ठेचाळीसही कामं पूर्ण झाली होती. सगळी खरी. चाक मी सहा वेळा बदललं. ते फिरवत फिरवत नट आवळायचा, मग सोडायचा, मग बेताने पुन्हा आवळायचा, नाहीतर बेअरिंग नीट बसत नाही. हे आता मला डोळे मिटून जमतं. ज्याच्या हाताखाली मी होते त्या खडूस इंजिनिअरने शेवटची सही केली आणि म्हणाला, जा, आता दुसऱ्या कुणाचं डोकं खा. त्याच्या तोंडी हे कौतुकच.

तीस तारखेला मी शिडीला मदत करायला एका विमानाखाली बॅटरी धरून उभी होते. विमान दुपारी जाणार होतं. उजेड सहज बाजूला गेला आणि मला माझीच तार दिसली. तीन दिवसांपूर्वी ब्रेकच्या पंपाला बांधलेली. पीळ अगदी एकसारखे, टोक नीट आत वळवलेलं, बघत राहावी अशी. आणि उलटी. ताण सैल व्हायच्या बाजूला. शिकाऊ माणसाची अगदी पहिली चूक, जिच्यासाठी माझ्या तेरा तारा कापल्या होत्या. आणि तिच्यापुढे इंजिनिअरची सही. माझ्या आधीच्या तीसएक तारा बरोबर निघाल्या, म्हणून या वेळी तो वाकला नव्हता. उभ्याउभ्या वरून बघितलं आणि सही केली. माझ्यावर विश्वास टाकून.

तिथे पुन्हा कुणी चार महिने बघणार नव्हतं. वही पूर्ण झाली होती, दुसऱ्या दिवशी जमा करायची होती. बाबा, मी लगेच ओरडले असं मला लिहायचं होतं. तसं झालं नाही. मी बॅटरी विझवली. शिडी दोनदा म्हणाली, उजेड कुठे गेला. तिला काही दिसलं नव्हतं. तेवढ्या वेळात मी स्वतःला समजावत होते की बाकीचे बोल्ट घट्ट आहेत, एकाने काय होतंय. दादाने मला जे जे समजावलं होतं, ते सगळं मी स्वतःला दादापेक्षा छान समजावलं. मग जाऊन सांगितलं.

इंजिनिअरने तार कापली, नवी बांधली, ती दुसऱ्याला तपासायला लावली आणि माझ्या वहीतली स्वतःची सही स्वतः खोडली. विमान पन्नास मिनिटं उशिरा गेलं. त्याला लेखी जाब द्यावा लागला. खोडलेलं काम पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय करता येत नाही आणि परीक्षा जूनमध्ये. माझी सत्तेचाळीस झाली. शिडीची अठ्ठेचाळीस. ती पास झाली. जाताना माझ्या खोलीत येऊन म्हणाली की तुला अजून माफ केलेलं नाही, पण चाक बदलता येतं मला. दार मात्र हळू लावलं तिने.

न पाहता सही करता, म्हणून मला तुमचा राग आला होता. मी तर पाहत होते. माझ्या नाकासमोर होती ती तार. ती बांधताना माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? हे बाबांना दाखवायला हवं, असं. तुम्हाला दाखवण्याच्या नादात मी तारेकडे पाहिलंच नाही. मला स्वतःचा जितका राग आला, तितका काकांचाही आला नव्हता.

प्रश्न विचारला, त्याची माफी मागणार नाही. लाज वाटते असं लिहिलं, त्याची मागते.

लोभाबद्दल काही लिहीत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

आपली
धाकटी


दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दादाने फाडलं नाही, उघडून मात्र आणून दिलं.

रागावलो आहे. तू बॅटरी विझवलीस त्याचा राग आहे. ती पुन्हा लावलीस म्हणून तो कमी होत नाही.

वर्ष गेल्याचं तुझ्या आईला मीच सांगितलं. तिने शिवणयंत्र थांबवून विचारलं, विमानाला काही झालं का. म्हटलं, नाही. तिने पुन्हा यंत्र सुरू केलं. तिच्याकडून तुला एवढाच निरोप आहे.

इकडचं दादाने तुला कळवलेलं दिसत नाही. महिन्यापूर्वी त्याने कार्ड घ्यायला नकार दिला. म्हणाला, ज्याने सही केली त्याने ही गाडी कधी उघडली ते सांगावं, मग काढतो. त्याच्यामागे आणखी अकरा ड्रायव्हर उभे राहिले. दोन दिवस मॅनेजर ओरडला, तिसऱ्या दिवशी मला स्टोअरमधून बोलावलं. माझ्याबरोबर आणखी तीन माणसं दिली आहेत, मागितली होती सहा. साडेसातपर्यंत वीस गाड्या सुटतात, बाकीच्या जशा होतील तशा. लोक स्टॉपवरून मला शिव्या देतात आणि मी गाडीखालून तुला देतो.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डाव्या कानाने जवळपास काहीच ऐकू येत नाही, उजव्याने निम्मं. कधीपासून, म्हणून विचारलं. तपासून म्हणाला, पाचसहा वर्षं तरी झाली असतील. पाचसहा वर्षांत माझ्या किती सह्या झाल्या, ते तू काढत बसू नकोस. मी काढलं आहे.

जूनमध्ये परीक्षा दे. राहिलेलं एक काम कर. वर्ष माझ्या नावावर गेलं असं समज, तुझ्या नाही.

आणि लाज वाटते असं लिहिल्याची माफी मागितलीस. ती मी देत नाही. ते वाक्य लिहिलंस ते लिहिलंस, मागे घेऊ नकोस. ते मला लागलं म्हणून मी गाडीखाली गेलो.

लोभ आहे. न मागता आहे.

बाबा